तिसऱ्या खोलीतला हरवलेला एक नंबर

“या शहरात सगळं कळणारी माणसं दोनच,” दाजी सांगायचे. “एक मी. दुसरा कोण, याचा तपास चालू आहे.”

हे ते पाहुण्यांना सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि ऐकायला कुणीच नसलं की खाली उतरून मेव्हण्याला सांगत. स्वतःच्या नजरेबद्दल त्यांचं मत असं, की ती भिंतीपलीकडे जाते. नाकाबद्दल मत असं, की ते खोटं बोलणाऱ्याला वासावरून ओळखतं. स्मरणशक्तीबद्दलही त्यांचं एक मत होतं, पण ते ऐनवेळी आठवत नसे.

ही सगळी कला त्यांनी बस डेपोच्या हरवले-सापडले खात्यात सत्तावीस वर्षं बसून कमावली होती. एकदा एका बेवारस छत्रीवरून त्यांनी सिद्ध केलं होतं, की तिचा मालक उंच, रागीट आणि नुकताच विधुर झालेला आहे. छत्री न्यायला सात वर्षांची मुलगी आली.

“वडिलांनी पाठवलं ना तुला?” दाजींनी विचारलं.

“नाही. माझीच आहे.”

“बघा,” दाजी शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “किती रागीट आहे.”

निवृत्तीनंतर ते उघडपणे गुप्तहेर झाले. मदतनीस म्हणून आपली नेमणूक कधी झाली हे मात्र मेव्हण्याला नीटसं ठाऊक नव्हतं. तो शिंपी. त्याचं दुकान खाली, बहिणीचं घर वर. एके दिवशी दाजींनी त्याच्या हातात एक वही ठेवली आणि तो नाही म्हणायचं विसरला. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली होती.

एरवी तो दाजींचे तपास कानाआड करून शिवण मारत बसे. या वेळी त्याला तसं करता येईना, कारण या वेळी गोष्ट ताईची, त्याच्या बहिणीची होती.

ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला. गेल्या वर्षी शहराच्या नगरसभेनं मतदानाची पद्धत सुधारायला एक नागरिक समिती नेमली आणि तिची एकवीस माणसं चक्क चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यात ताईची चिठ्ठी निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी विचारलं होतं, की बाई, तुझं मत काय? नुसतं मत दे म्हणून नव्हे, मत कसं घ्यावं ते सांग म्हणून. अकरा रविवार ती वही-पेन घेऊन जात राहिली. येताना तिचा चेहरा असा असे, की दुकानातलं गिऱ्हाईकही विचारी, “काय हो, घरात लग्न निघालंय का?”

समितीची सूचना साधी होती. जुन्या पद्धतीत एका नावापुढे खूण करायची. नऊ उमेदवार उभे राहत, चार आण्यांइतकी मतं मिळवून एक जण निवडून येई आणि उरलेलं बारा आणे शहर पुढच्या निवडणुकीपर्यंत तोंड पाडून बसे. नव्या पद्धतीत पहिल्या पसंतीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन असे आकडे घालायचे. आपला पहिला पडला, तर मत दुसऱ्याकडे जाईल. फुकट जाणार नाही.

“माझं मत बावीस वर्षं गटारात गेलंय,” ताई म्हणायची. “आता निदान ते पुढच्या स्टॉपला तरी उतरेल.”

पद्धत लोकांना जमते का हे बघायला एका शनिवारी शाळेत सराव मतदान झालं. खऱ्या माणसांची नावं नकोत म्हणून नऊ प्राणी उभे केले. पाच खोल्या होत्या. चार खोल्यांत मिळून तीनशे ऐंशी मतं पडली, त्यांतली पाच बाद. तिसऱ्या खोलीत त्र्याण्णव पडली, त्यांतली सेहेचाळीस बाद! बाद झालेल्या जवळजवळ प्रत्येक मतपत्रिकेवर दोन होता, तीन होता, पण एक नव्हता. आणि एक नसेल तर मत मोजायचं कुठून? शिवाय उरलेल्या मतांत तिथे बहुमतानं गाढव निवडून आलं.

नगरसभेचे उपाध्यक्ष जुन्या पद्धतीनं सहा वेळा निवडून आले होते, त्यामुळे ती त्यांना परिपूर्ण वाटे. ते म्हणाले, “ही पद्धत लोकांच्या डोक्यावरून जाते. बघा, गाढव निवडून आलं.”

“जुन्या पद्धतीत येत नव्हतं का?” मागून कुणीतरी विचारलं. कोण ते कळलं नाही.

शुक्रवारी अकराला नगरसभेची बैठक होती. उपाध्यक्षांचा ठराव तयार होता: नवी पद्धत रद्द, समितीचे आभार.

त्या मंगळवारी ताई कामावरून आली ती सरळ दुकानात येऊन बसली. मेव्हण्यानं चहा पुढे केला.

“धाकट्या,” ती म्हणाली, “लोकांना एक-दोन-तीन येत नाही, असं म्हणाले ते. भर सभेत. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो.”

तिनं चहा घेतला नाही. तेवढ्यात जिन्यावरून दाजींचा आवाज आला, “मेव्हणे! वही घ्या. एक नंबर चोरीला गेलाय!”

दाजींचा पहिला सिद्धांत जिना उतरेपर्यंत तयार झाला होता. “सेहेचाळीस पत्रिकांवर दोन आहे, एक नाही. याचा अर्थ काय?”

“काय?”

“हे काम दोन नंबरवाल्यांचं आहे.”

मेव्हण्यानं वहीत लिहिलं: दोन नंबरवाले. पुढे कंसात लिहिलं: चहा परत गरम करणे.

एवढ्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मावशी दारात आली. हातात कपड्यांचं गाठोडं. “साहेब, त्या तिसऱ्या खोलीचं सांगायचं होतं.”

“मावशी, तपास चालू आहे. साक्षीदारांनी रांगेनं यायचं.”

मावशीनं मागं वळून पाहिलं. “रांगेत मी एकटीच आहे.”

“मग रांग लागल्यावर या,” दाजी म्हणाले.

मावशी गेली. मेव्हण्याला चुकल्यासारखं वाटलं, पण नऊ वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की दाजींना मध्येच थांबवलं तर ते पहिल्यापासून सुरू करतात.

बुधवारी दोघं तिसरी खोली पाहायला गेले. तिथे मतदानाचं काम गणिताच्या मास्तरांनी पाहिलं होतं. त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं होतं. खोलीतल्या पंख्याला दोनच वेग होते, बंद आणि वादळ. म्हणून मास्तरांनी बाकावर पुठ्ठ्याचा आडोसा करून आत परीक्षेचं एक पॅड ठेवलं होतं आणि वर सूचना चिकटवली होती: ‘लिहून होईपर्यंत कागद क्लिपमधून काढू नये.’ क्लिपच्या भोकाला सुतळीनं पेन बांधलेलं होतं.

दाजींनी आडोसा चारी बाजूंनी पाहिला. बाकावर कोरलेली नावं उतरवून घ्यायला लावली. मग पेन हुंगायला घेतलं. ते नाकापर्यंत येईना, म्हणून ते स्वतःच पेनापर्यंत वाकले.

“शाई साधी वाटते,” वाकलेल्या अवस्थेतच ते म्हणाले. “इथेच संशय येतो. साधी वाटणारी शाई कधीच साधी नसते. मेव्हणे, एक लिहिला गेला होता. मागाहून तो उडाला. अदृश्य शाई!”

हा दुसरा सिद्धांत. अदृश्य शाई उष्णतेनं परत दिसते, असं दाजींनी कुठेसं वाचलं होतं. बाद पत्रिकांना हात लावू द्यायला मास्तरांनी साफ नकार दिला. मग एक कोरी पत्रिका मागून घेऊन, तिच्यावर त्याच पेनानं एक आकडा काढून, दाजी दुकानात आले आणि मेव्हण्याची इस्त्री तिच्यावर ठेवून वाट बघू लागले. वाट बघता बघता त्यांनी आपल्या पूर्वीच्या एका तपासाची गोष्ट सुरू केली. गोष्ट लांब होती. पत्रिकेवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला, मग त्याला भोक पडलं, मग मेव्हण्यानं पाणी ओतलं.

“पाहिलंत?” दाजी धुरातून म्हणाले. “गुन्हेगारानं पुरावा नष्ट केला.”

संध्याकाळी ते उपाध्यक्षांकडे गेले.

“शनिवारी सकाळी आपण कुठे होतात?”

“तिसऱ्या खोलीत. मत द्यायला.”

“अस्सं! कुणाला दिलंत?”

“मतदान गुप्त असतं, साहेब.”

“मीही गुप्तच आहे,” दाजी म्हणाले. “आपसांत काय लपवायचं?”

उपाध्यक्षांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. बाहेर आल्यावर दाजींनी तिसरा सिद्धांत मांडला. तिसऱ्या खोलीतले बहुतेक मतदार मास्तरांचे जुने विद्यार्थी. मास्तरांनी लहानपणी त्यांच्या उत्तरांवर इतक्या फुल्या मारल्या होत्या, की समोर मास्तर दिसताच त्यांचा पहिला आकडा चुकण्याच्या भीतीनं बाहेरच येईना. दुसऱ्यापासून धीर येई.

“म्हणजे मास्तर गुन्हेगार?” मेव्हण्यानं विचारलं.

“किंवा उपाध्यक्ष. किंवा दोघे. उद्या दुपारी सगळ्यांना त्याच खोलीत बोलवा. मी पडदा उघडणार आहे.”

“त्या खोलीला पडदा नाही, दाजी.”

“तेही लिहून ठेवा.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिसऱ्या खोलीत वीसेक माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मास्तर होते, उपाध्यक्ष होते, आणि खिडकीपाशी उभी ताई. तिनं नवऱ्याच्या तपासावर फारसा भरवसा ठेवला नव्हता, पण दुसरं कुणी या खोलीकडे फिरकलंही नव्हतं. मागच्या बाकावर इस्त्रीवाली मावशी होती. ती आल्यापासून हात वर करून बसली होती.

“गुन्हेगार,” दाजी म्हणाले, “याच खोलीत आहे.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पंख्यानं दाजींची टिपणं उचलली आणि उपाध्यक्षांच्या डोक्यावरून भिरकावली. मेव्हणा ती गोळा करू लागला. त्या गडबडीत क्रम बदलला आणि निष्कर्ष सगळ्यात वर आला.

“साहेब, एक सांगू का?” मावशी म्हणाली.

“शंका शेवटी.”

“शंका नाही हो, मला...”

“उत्तरं तर त्याहून शेवटी.” दाजी पाठीमागे हात बांधून फेऱ्या घालू लागले. “गुन्हेगाराला ही खोली बारकाईनं माहीत आहे. म्हणजे मास्तर? पण मास्तर आकड्यांवर जीव टाकणारा माणूस, ते आकडा मारणार नाहीत. मग उपाध्यक्ष? त्यांना दोष द्यायचा तर ते इथे काही करतात हे आधी सिद्ध करावं लागेल.” मागे कुणीतरी खोकलं. “उरला कोण? ज्यानं या खोलीत मत दिलं, तरी ज्याच्या पत्रिकेवर एक शाबूत राहिला. जो सरकारी पेनाला हातही लावत नाही, कारण पेनावर ठसे राहतात. जो खिशात स्वतःचं पेन बाळगतो. आणि ज्याच्यावर कुणीच संशय घेणार नाही. असा माणूस या शहरात एकच...”

ते थांबले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या खिशातल्या पेनाकडे गेला.

“मेव्हणे,” ते हळू आवाजात म्हणाले, “शनिवारी सकाळी मी कुठे होतो?”

कुणी हसलं नाही. कारण तेवढ्यात ताई खिडकीपासून निघाली होती. बाकांच्या रांगेतून ती मागे गेली आणि मावशीशेजारी टेकली.

“मावशी, हात दुखला असेल. खाली करा आणि सांगा काय ते.”

“मला काही कळत नाही बाई यातलं,” मावशी म्हणाली. “पण मला हत्तीला एक द्यायचा होता. तो पार तळाशी. आणि ते पेन तिथवर जाईना.”

ताई पुढे वाकली.

“जाईना म्हणजे?”

“म्हणजे पोचेना. बगळ्यापर्यंत येतं आणि थांबतं. कागद काढायचा नाही असं वर लिहिलंय. मग दोन कासवाला दिला, तीन बगळ्याला दिला आणि आले.”

ताई उठली. तिनं एक कोरी मतपत्रिका मागून घेऊन पॅडच्या क्लिपमध्ये लावली. “या मावशी, करून दाखवा.”

मावशीनं पेन धरलं. उंट, गाढव, कासव, बगळा. चौथ्या नावापाशी सुतळी ताठ झाली. तिनं अजून ओढलं तसं अख्खं पॅड सरकत पुढे आलं. मांजर, ससा, घोडा, कुत्रा आणि हत्ती खाली तसेच कोरे राहिले.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “जुनी पत्रिका आखूड होती,” ते म्हणाले. “दोन रांगांत नावं. अकरा वर्षं हेच पॅड आणि हीच सुतळी. नवी पत्रिका लांब आहे हे मला... बाकीच्या खोल्यांत पेनं सुटी होती.” मग एकदम खालच्या आवाजात, “मला मुलांच्या वहीत ही चूक दिसली असती, तर मी तिला शून्य दिलं असतं.”

“पण तुम्ही सांगितलं का नाहीत त्याच वेळी?” उपाध्यक्षांनी विचारलं.

मावशी संकोचली. “मला वाटलं, हत्तीला द्यायचं नसेल. सरकारनं सुतळी बांधलीय, म्हणजे मापानंच बांधली असेल.”

“मलाही तसंच वाटलं,” पुढच्या बाकावरचा गवंडी म्हणाला. “मला सशाला द्यायचा होता.”

“मांजर,” एक नर्स म्हणाली. “मी म्हटलं, आपल्यालाच जमत नाहीये. मागे रांग उभी. कशाला तमाशा.”

एकेक जण बोलू लागला. कुत्रा. हत्ती. पुन्हा हत्ती. प्रत्येकाला वाटलं होतं, की आपल्यालाच येत नाही. ज्यांच्या खिशात पेन होतं त्यांनी ते काढलं होतं. बाकीच्यांनी आपला पहिला मनातच ठेवून दोन आणि तीन इमानदारीनं लिहिले होते. मेव्हण्यानं ताईकडे पाहिलं. इतके दिवस खाली गेलेली तिची मान आता वर आली होती.

“म्हणजे लोकांना एक-दोन-तीन येतं,” ती उपाध्यक्षांना म्हणाली. आवाज चढवला नाही. “दोन कुणाला, तीन कुणाला, हे त्यांना इतकं नीट येतं, की एक देता आला नाही तरी त्यांनी दोनचा एक केला नाही.”

उपाध्यक्षांनी वाकून पॅडकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, “माझा घोडा राहिला.”

“काय?”

“घोडा हो. मला घोड्याला द्यायचा होता. मी म्हटलं, उपाध्यक्ष असून पेन मागायचं म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

या सगळ्यात दाजी फळ्याला टेकून उभे होते. सुतळी दोनदा ओढून पाहून झाल्यावर ते म्हणाले, “माझा अंदाज थोडक्यात हुकला. मी गुन्हेगार माणूस धरून चाललो होतो.”

मेव्हण्यानं ते वहीत लिहिलं. नऊ वर्षांतली ही त्यांची पहिली कबुली होती. तिच्यापुढे त्यानं तारीख घातली.

ताईनं मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. नुसती सुतळी सापडून भागणार नव्हतं. ठरावाला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं होतं. समितीच्या माणसांनी संध्याकाळी तिसऱ्या खोलीच्या मतदारांची दारं वाजवली. शुक्रवारी सकाळी आठला, कामावर जायच्या आधी, पुन्हा मतदान. मास्तरांनी रात्रीच पंख्याची वायर काढून ठेवली आणि बाकावर पेला भरून सुटी पेनं. मावशीला त्यांनी सर्वांत आधी आत पाठवलं. “काही अडलं तर मोठ्यानं ओरडा,” ते म्हणाले. मावशी आत गेली आणि आतून ओरडली, “पोचतंय!”

अठ्ठ्याऐंशी जण आले. साडेनऊला मास्तर मोजायला बसले, शेजारी ताई, समोर उपाध्यक्ष. पत्रिकेमागून पत्रिका उलगडत गेली. हत्ती सहज निवडून आला. गाढवाची अनामत जप्त झाली असती, पण त्यानं ती भरली नव्हती.

“बाद किती?” उपाध्यक्षांनी विचारलं.

“एक,” मास्तर म्हणाले आणि ती पत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली.

नऊच्या नऊ प्राण्यांपुढे एक लिहिलेला होता. आणि खाली, बारीक तिरप्या अक्षरात, एक शेरा होता: ‘सर्वच तितकेच संशयित.’

मेव्हण्यानं ते अक्षर ओळखलं. त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तो नऊ वर्षं वाचत होता. मास्तरांनीही बहुधा ओळखलं. दाजी दाराजवळ उभे राहून छताचं फार बारकाईनं निरीक्षण करत होते.

“हे कुणी केलं?” उपाध्यक्ष म्हणाले. “हे अक्षर मी कुठेतरी...”

“उपाध्यक्ष,” ताईनं पत्रिका हळूच उलटी ठेवली, “मतदान गुप्त असतं.”

अकराच्या बैठकीत उपाध्यक्षांनी आपला ठराव मागे घेतला. नवी पद्धत चौदा विरुद्ध तीन मतांनी संमत झाली. समितीची आणखी एक सूचना ताईनं स्वतः उभं राहून वाचली: यापुढे प्रत्येक निवडणुकीच्या आठवडाभर आधी पाच साध्या मतदारांनी प्रत्येक खोलीत जाऊन मत देऊन बघायचं, आणि काय अडलं ते सांगायचं. पहिल्या पाचांत मावशीचं नाव होतं. ती सूचना सगळ्यांनी हात वर करून मंजूर केली.

तिघं चालत घरी निघाले. ताईनं कामावर दुपारची पाळी मागून घेतली होती. ती भरभर चालत होती आणि मेव्हण्याला सांगत होती, पुढचं काम मतदारयादीचं आहे, त्यात अर्ध्या गल्लीची आडनावं चुकलीत. दाजी दोन पावलं मागून येत होते.

घराच्या वळणावर त्यांनी ताईला गाठलं.

“अगं,” ते म्हणाले, “तो जो एक बाद मतवाला आहे ना, त्याला ती पद्धत कुणी पुन्हा एकदा नीट समजावून सांगितली तर?”

ताई थांबली नाही. “सांगेन मी,” ती म्हणाली. “जेवण झालं की.”